न्यूजबोटमधली बातमी मटमध्ये, मटमधली लिंक न्यूजबोटमध्ये: दोन छोट्या शेल स्क्रिप्ट

टर्मिनलमध्ये मेल वाचणारे लोक तसे थोडेच, आणि टर्मिनलमध्येच बातम्या पण वाचणारे त्याहून थोडे. पण जो दोन्ही करतो तो एकदा तरी वैतागतोच. न्यूजबोटमध्ये (टर्मिनलमधला फीड-रीडर, म्हणजे साइटींची फीडं, नव्या लेखांच्या याद्या, एका जागी दाखवणारा प्रोग्राम) चांगला लेख दिसतो, आत्ता वेळ नसतो, संध्याकाळी बघू म्हणून सोडला की तो नव्या शंभर हेडलाइनींखाली गडप. उलटं पण होतं, कोणीतरी मेलमध्ये मस्त साइटची लिंक पाठवतं, आपण ‘वा छान’ म्हणतो आणि त्या साइटचं फीड काही कधी जोडलं जात नाही.

मट (टर्मिनलमधला मेल प्रोग्राम) आणि न्यूजबोट एकमेकांना ओळखत नाहीत आणि ओळखायची गरजही नाही. दोघांकडेही पाइप आहे, म्हणजे एकाचं आउटपुट उचलून दुसऱ्याच्या तोंडात घालायची सोय, जी युनिक्समध्ये १९७३ पासून आहे. मधे दोन चार-पाच ओळींच्या स्क्रिप्ट ठेवल्या की काम झालं.

कमांडी मी फोनवर मित्राला सांगावं तशा बोलून लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरांत करा.

आधी एक अट. मटमधून मेल जायला हवा. टर्मिनलमधून स्वतःलाच एक पाठवून बघा: ‘इको हॅलो’ पाइप ‘मट डॅश एस टेस्ट’ आणि पुढे तुमचा पत्ता. नाही पोचला तर पुढचं काही वाचू नका, आधी ते निस्तरा. मटमध्ये एसएमटीपी, म्हणजे मेल पाठवायची सोय, आतच असतं, त्यामुळे एसएमटीपी यूआरएल आणि पासवर्ड सेट केला की बहुतेक वेळा चालतं. जीमेल असेल तर नेहमीचा पासवर्ड चालणार नाही, टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून १६ अक्षरी अ‍ॅप पासवर्ड काढावा लागतो. आणि तो मटच्या सेटिंगच्या मटआरसी फाइलमध्ये तसाच उघडा ठेवणार असाल तर निदान त्या फाइलची परमिशन ६०० तरी करा (म्हणजे फक्त तुम्हीच ती वाचू-लिहू शकाल), जीपीजी या एन्क्रिप्शनच्या प्रोग्रामने लॉक करून ठेवलात तर उत्तमच.

आता पहिली स्क्रिप्ट, बातमीकडून मेलकडे. न्यूजबोटमध्ये बुकमार्क नावाची सोय असते, कंट्रोल-बी दाबलं की ते तुम्ही सांगितलेली कमांड चालवतं आणि तिला चार गोष्टी देतं: डॉलर एक म्हणजे लिंक, डॉलर दोन म्हणजे शीर्षक, डॉलर तीन म्हणजे वर्णन, डॉलर चार म्हणजे फीडचं नाव. यातलं वर्णन लेखातून येत नाही, न्यूजबोट तुम्हालाच विचारतं. सुरुवातीला मला ही कटकट वाटायची, आता तीच सगळ्यात कामाची गोष्ट वाटते, कारण तिथे मी ‘आईला दाखवायचं’ किंवा ‘रविवारी’ असं टिपण टाकतो आणि ते मेलमध्ये येतं. ज्यांना हे प्रश्नच नकोत त्यांनी बुकमार्क-ऑटोपायलट ‘येस’ करावं.

होम फोल्डरमधल्या बिनमध्ये ‘वाच डॉट एसएच’ नावाची फाइल करा. पहिली ओळ नेहमीची शेबँग, म्हणजे फाइल कुठल्या शेलने चालवायची ते सांगणारी. दुसऱ्या ओळीत प्रिंटएफ, त्याला डॉलर एक, डॉलर तीन आणि डॉलर चार द्या, प्रत्येक वेगळ्या ओळीवर छापा. त्याचं आउटपुट पाइप करून ‘मट डॅश एस’ला, विषयात ‘वाचायचं:’ आणि पुढे डॉलर दोन, मग दोन डॅश, मग तुमचा पत्ता. प्रत्येक डॉलरवाल्या गोष्टीभोवती डबल कोट हवेतच, शीर्षकात स्पेस असतातच आणि कोट नसले तर विषयात फक्त पहिले काही शब्द जातील आणि उरलेल्यांना मट पत्ते समजेल. सगळ्यात शेवटी दोन उभ्या रेघा आणि इको ‘मेल गेला नाही’, म्हणजे मटने नकार दिला तरच ते छापलं जाईल. मग सीएचमॉडने फाइलला एक्झिक्युट परमिशन द्या आणि न्यूजबोटच्या कॉन्फिगमध्ये बुकमार्क-सीएमडी लिहून पुढे स्क्रिप्टचा पूर्ण पाथ द्या.

इथे मी एक तास घालवलाय. पहिल्या प्रयत्नात मी हौसेने शेवटी इको ‘झालं’ लिहिलं होतं, मेल व्यवस्थित येत होता पण न्यूजबोट दर वेळी खाली एरर दाखवत होतं. कारण काय, तर स्क्रिप्ट गप्प राहिली म्हणजे यश, काही छापलं तर पहिली ओळ एरर, असा त्याचा नियम. म्हणून फक्त बिघडल्यावर बोलायचं.

टीमक्स (एका टर्मिनलमध्ये अनेक विंडो चालवणारा प्रोग्राम) वापरत असाल तर आणखी एक गंमत, त्याचा प्रीफिक्स, म्हणजे त्याच्या कमांडींआधी दाबायची की, तोही कंट्रोल-बीच असतो, त्यामुळे एकदा दाबून काहीच होत नाही. दोनदा दाबा, किंवा न्यूजबोटमध्ये दुसरी की बाइंड करा.

मटऐवजी थेट सेंडमेलला (मेल नुसता पुढे पाठवणारी कमांड) का नाही दिलं, असं विचाराल. इंग्रजी शीर्षकं असतील तर खुशाल द्या. पण मराठी बातम्यांचं फीड असेल तर विषयाची ओळ आधी एनकोड करावी लागते, नाहीतर कुठे बरोबर दिसते, कुठे कचरा. मट ते आपोआप करतं. फक्त लोकेल, म्हणजे सिस्टिमचं भाषा-लिपीचं सेटिंग, यूटीएफ-८ हवं. हीच स्क्रिप्ट पुढे क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी कमांडी आपोआप चालवणारी सोय) चालवलीत आणि विषयात नुसती प्रश्नचिन्हं आली तर समजा की क्रॉनला तुमचं लँग व्हेरिएबल माहीत नाही, ते स्क्रिप्टमध्येच एक्सपोर्ट करा.

आता उलटी वाट, मेलकडून बातमीकडे. मटमध्ये मेल उघडून उभी रेघ दाबली की तो मेल कुठल्याही कमांडला देता येतो. दुसरी स्क्रिप्ट ‘फीड डॉट एसएच’. ती ग्रेप डॅश ई ओने (ई मोठा, ओ छोटा) मेलमधल्या सगळ्या लिंका काढते, म्हणजे एचटीटीपीपासून पुढची स्पेस किंवा > येईपर्यंतचं सगळं, मग सॉर्ट डॅश यूने डुप्लिकेट घालवते आणि एफझेडएफला (यादीतून एक ओळ निवडू देणारा प्रोग्राम) देते. तुम्ही एक लिंक निवडता, ती न्यूजबोटच्या यूआरएल्स फाइलमध्ये आधीच आहे का हे ग्रेप डॅश क्यू एफने (एफ मोठा) बघायचं, नसेल तर शेवटी जोडायची आणि त्याच ओळीत स्पेस देऊन ‘मेलमधून’ असा टॅग लावायचा. जोडताना दोन > हवेत. एक टाकलात तर आख्खी यादी पुसली जाईल, म्हणून आधी यूआरएल्स फाइलची कॉपी काढून ठेवा, हसू नका.

पण नुसतं एवढं केलंत तर मराठी मेलमध्ये बहुधा काहीच सापडणार नाही, कारण मट मूळ मेल जसाच्या तसा पाइप करतं आणि मराठी मेल बऱ्याचदा बेस६४ या एनकोडिंगमध्ये असतो, म्हणजे मजकूर आणि लिंका तशाच वाचता येत नाहीत. क्वोटेड-प्रिंटेबल हे दुसरं एनकोडिंग असलं तरी तीच कथा: देवनागरीचं एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८मध्ये ३ बाइटचं, प्रत्येक बाइट तिथे ३ अक्षरांत लिहिला जातो, म्हणजे एकाची ९ झाली, आणि वर ७६ अक्षरांना ओळ तोडायची असल्याने लांब लिंकचे मधेच दोन तुकडे. उपाय सोपा, पाइप-डिकोड ‘येस’ करा. मी एफ८ कीवर मॅक्रो ठेवलाय, तो पाइप-डिकोड चालू करतो, मेल स्क्रिप्टला देतो आणि परत बंद करतो.

एचटीएमएल मेलसाठी मेलकॅपमध्ये (कुठल्या प्रकारचा मजकूर कुठल्या प्रोग्रामने दाखवायचा ते सांगणारी फाइल) लिंक्स डॅश डंप लावा, एल वाय एन एक्सवालं, कारण ते सगळ्या लिंका शेवटी यादी करून देतं. सोबत मटमध्ये टेक्स्ट/एचटीएमएलसाठी ऑटो-व्ह्यू चालू हवं.

निवडलेली लिंक साइटची असते, फीडची नसते, हे बऱ्याचदा होतं. कर्लने (वेबपान उतरवणारी कमांड) पान आणून त्यात ‘अ‍ॅप्लिकेशन/आरएसएस+एक्सएमएल’ शोधा, ज्या लिंक टॅगमध्ये ते सापडेल त्यातच फीडचा पत्ता असतो. मी हे स्क्रिप्टमध्ये घातलेलं नाही, आळस. हाताने बघतो.

मग न्यूजबोटमध्ये जाऊन कंट्रोल-आर दाबा म्हणजे यूआरएल्स फाइल पुन्हा वाचली जाते, आणि टी दाबून ‘मेलमधून’ टॅग निवडला की ही सगळी फीडं एकत्र दिसतात. माझी आत्ता अकरा आहेत, त्यातली चार तर वर्षभरात हललीच नाहीत.