विंचवाचा ट्रायबल टॅटू काढताय? आधी या चुका टाळा

फोनमधला फोटो पुढे करून ‘दादा, अस्साच काढा’ म्हणणारी मुलं माझ्याकडे सारखी येतात. फोटोत काळीभोर वळणं, उगारलेली नांगी. विंचूच का, असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: ‘माझी वृश्चिक रास.’

पहिली चूक इथेच होते. गेल्या पावसाळ्यात आलेल्या एकाचा वाढदिवस २ नोव्हेंबर. मी त्याला आईला फोन लावायला लावला. तिने कपाटातून पत्रिका काढून वाचली, तर रास मीन! पाश्चात्त्य पद्धतीत रास सूर्यावरून ठरते आणि साधारण २३ ऑक्टोबर ते २१ नोव्हेंबर हा काळ वृश्चिकेचा धरतात. आपली जन्मरास चंद्रावरून, आणि चंद्र सव्वादोन दिवसांत रास बदलतो. जन्मनक्षत्र विशाखाचा चौथा चरण, अनुराधा किंवा ज्येष्ठा असेल तरच पत्रिकेत वृश्चिक येते. दोन्हींपैकी कुठलीही पद्धत माना, पण नक्की कुठली मानता ते सुई लागण्याआधी ठरवा.

राशीपलीकडेही विंचवाला अर्थ आहेत, आणि ते आपल्याच भाषेत आहेत. एकनाथांच्या भारुडात चावणारा विंचू म्हणजे काम-क्रोध. ‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर’ तर आपण रोज म्हणतो. सतत बदली होणाऱ्या एका गृहस्थांनी पाठीवर पिल्लं घेतलेली विंचवीण काढून घेतली होती. इतका मनापासून निवडलेला विंचू मी दुसरा काढलेला नाही. कोकणात मात्र घरच्यांशी आधी बोला. तिथल्या लाल विंचवाने कितीतरी घरांतली माणसं नेली आहेत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचे उपचार रुळवल्यावर ते मृत्यू खूप कमी झाले. ज्या घरात असा मृत्यू झालाय, तिथे दंडावरचा विंचू आईला रोज बघायला लागेल.

दुसरी चूक ‘ट्रायबल’ या शब्दाची. कुठली जमात? जाड काळ्या पट्ट्यांची आजची शैली प्रामुख्याने पॅसिफिक बेटं आणि बोर्निओतल्या नक्षीवरून आली. १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियात टॅटू कलाकार लिओ झुलुएटा यांनी ती लोकप्रिय केली. पण सामोआत कमरेपासून गुडघ्यापर्यंतचा ‘पेआ’ हा टॅटू म्हणजे वेदना सोसून, समाजाची जबाबदारी घेऊन मिळवायचा मान आहे. त्यातला तुकडा उचलून विंचवाच्या पाठीवर चिकटवू नका. वळणं हवीत तर नुसती वळणं घ्या.

आणि आपलं गोंदण का विसरायचं? माझ्या आजीच्या पोटरीवर विंचू होता. हिरवट पडलेला, शेपूट म्हणजे पाच ठिपके आणि टोकाला एक आकडा. गोंदलेल्या पायाला विंचू शिवत नाही, असं ती म्हणायची. खऱ्या विंचवाच्या शेपटीलाही पाचच पेरं असतात आणि पुढे नांगी. त्या गोंदणारणीने विंचू नीट पाहिलेला होता. नेटवरच्या कित्येक डिझाइनमध्ये तर पायच सहा असतात! विंचवाला पायांच्या चार जोड्या, चिमटे वेगळे. स्टेन्सिल, म्हणजे कातडीवर उमटवलेला नक्षीचा छाप, लागल्यावर मोजून घ्या.

आकार लहान ठेवण्याचा हट्टही नको. शाई वर्षागणिक त्वचेत थोडी पसरते. पेरांमधल्या फटी केसाएवढ्या ठेवल्या तर काही वर्षांनी शेपटीची एक काळी दोरी होते. तळहाताएवढा विंचू, मध्ये दोन-तीन मिलिमीटरची मोकळी कातडी, हे माझं किमान माप. स्टेन्सिल हात सैल सोडून, उभं राहून आरशात बघा. वाकवलेल्या हातावर सरळ दिसणारी शेपूट हात सोडला की पिळवटते.

भरतीची तयारी करणाऱ्यांनो, हे नीट वाचा. सैन्यात कायमचा टॅटू कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत किंवा पंज्याच्या मागच्या बाजूला असेल तरच चालतो. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रूढीप्रमाणे सवलत आहे, फॅशनच्या ‘ट्रायबल’ला नाही. दंडावरच्या विंचवामुळे मैदान मारलेला मुलगा मेडिकलला बाहेर पडलेला मी पाहिलाय. चार दिवस जेवला नव्हता तो. तुम्ही देणार त्या भरतीची जाहिरात आधी वाचा, प्रत्येक दलाचे नियम वेगळे असतात.

काढून झाल्यावर खपली खरवडू नका, ती ओढली की काळ्या भरावात पांढरे डाग पडतात. मलम पातळ लावा. दोन-तीन आठवडे विहीर, नदी, समुद्र बंद. डाग राहिलेच तर महिना-दीड महिन्याने टच-अप होतं, त्याआधी नाही. पू, ताप किंवा वाढती लाली दिसली तर आमच्याकडे न येता थेट डॉक्टरकडे जा. आणि टॅटूनंतर वर्षभर रक्तदान करता येत नाही, तेव्हा शिवजयंतीच्या शिबिरात नाव दिलं असेल तर आधी रक्त देऊन या.