कॅम्पर व्हॅनने खान्देश फिरताय? नेटच्या बाबतीत या चुका टाळा

भुसावळ, जळगाव, अमळनेर, शिरपूर हा तापीकाठचा मुलूख सपाट आहे. टॉवरचा सिग्नल अडथळ्याविना लांबवर येतो, व्हिडिओ मीटिंगही निभावते. त्याच भरवशावर लोक शहाद्याहून तोरणमाळचा घाट चढतात आणि फसतात. सातपुड्यात तुमच्या नि टॉवरच्या मध्ये अख्खा डोंगर येतो, तिथे महागडा राउटरही काही करू शकत नाही. सकाळी ऑफिसचं काम असेल तर मुक्काम शहाद्यालाच करा, तोरणमाळ सुट्टीच्या दिवशी. धडगाव-मोलगीकडे जायचं तर आधी अक्कलकुव्यात रिचार्जच्या दुकानात विचारा, "भाऊ, पुढे कोनतं सिम चालस?" कंपनीच्या नकाशापेक्षा हे उत्तर जास्त खरं असतं.

दोन सिम एकाच कंपनीची ठेवू नका. एकाची रेंज गेली की दुसऱ्याचीही जाणार.

राउटर कपाटात किंवा ओट्याखाली ठेवणं ही सगळ्यात सर्रास दिसणारी चूक. गाडीचा पत्रा सिग्नल अडवतो. राउटर खिडकीशी आणा आणि खिडकी टॉवरकडे येईल अशी गाडी लावा. छतावर अँटेना असेल तर तिच्या दोन्ही केबल जोडलेल्या आहेत का बघा, आणि केबल आखूड ठेवा, कारण लांब केबलमध्ये सिग्नल मरतो. फोनवरच्या दांड्यांवर जाऊ नका. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमधल्या 'सिम स्टेटस'मध्ये सिग्नलचा आकडा दिसतो. फोर-जीवर उणे ९०च्या आसपास असेल तर उत्तम, उणे ११०च्या खाली गेला तर रडतखडत चालणार. मुक्कामाची जागा पक्की करण्याआधी गाडी चार ठिकाणी उभी करून हा आकडा बघाच.

दांड्या पूर्ण, तरी पान उघडत नाही? मग टॉवरवर गर्दी आहे. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात दत्तजयंतीच्या सुमारास हे होणारच. दुसरं सिम लावून बघा, मोठ्या फाइल पहाटे पाठवा. गर्दी नसेल तर रोजचा डेटा संपलाय का तपासा. तो संपला की बऱ्याच प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो.

बाजारातला सिग्नल बूस्टर मात्र मुळीच घेऊ नका. परवानगीशिवाय तो वापरणं बेकायदा आहे, आणि त्याच्या गोंगाटाने आसपासच्या सगळ्यांचं नेटवर्क बिघडतं. जिथे मुळात एकच टॉवर आहे, तिथे कुणाचा १०८ला लावलेला फोन आपल्यामुळे अडला तर?

नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये आहे. अशा सीमेवर फोन पलीकडचा टॉवर पकडतो आणि डेटा रोमिंग बंद असेल तर नेट थांबू शकतं. ते चालू ठेवा, देशातल्या देशात सहसा जादा पैसे लागत नाहीत. शिरपूरहून सेंधव्याकडे जातानाही हेच.

मे महिन्यात इकडे पारा ४५च्या घरात जातो. हॉटस्पॉट डॅशबोर्डवर ठेवला तर तापून बंद पडतो, त्याची बॅटरी फुगते. १२ व्होल्टचा राउटरही गाडीच्या बॅटरीला थेट जोडू नका, कारण इंजिन चालू असताना तिथे १४ व्होल्टच्या वर दाब असतो. मध्ये रेग्युलेटर हवाच.

डोंगरात लाइट जास्त वेळ गेली की टॉवरची बॅटरीही उतरते आणि यूपीआय बंद पडतं. म्हणून घाट चढण्याआधी शहाद्यातच रोख काढून घ्या आणि नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा.