हत्यारांची पेटी भरताना: मांडवीतून मालवण-कारवारकडे निघणाऱ्यांसाठी

चवथ झाली, पाऊस ओसरला की किनाऱ्यावर चढवलेल्या छोट्या इंजिनाच्या शिडाच्या बोटी एकेक करून पाण्यात उतरायला लागतात आणि दरवर्षी कोणीतरी नवीन बोटवाला विचारतोच की बोटीवर हत्यारं कुठली न्यायची, जरा यादी द्या ना. यादी देतो, पण आधी एक सांगतो, दुकानात जाऊन तो चकचकीत ब्रीफकेसवाला शंभर-दीडशे पीसचा सेट आणू नका. त्यातली निम्मी हत्यारं तुमच्या बोटीवर कुठेच बसत नाहीत, आणि जी लागणार असतात ती नेमकी त्यात नसतात. त्यापेक्षा बोट जेट्टीला बांधलेली असताना एक अख्खा दिवस काढा, ओळखीच्या मेकॅनिककडून पान्यांची पिशवी उसनी आणा आणि बोटीवरच्या प्रत्येक नटबोल्टला, क्लिपला, झाकणाला पाना प्रत्यक्ष लावून बघा. नुसतं बघून "हा तेराचा दिसतोय" असं नाही चालत, कारण तेराचा बसतो खरा पण मागे लाकडी पार्टिशन असल्यामुळे तो फिरवायलाच जागा नसते, मग तिथे रिंग पाना लागतो की गोटी (सॉकेट) लागते की आखूड दांड्याचा लागतो हे लावल्याशिवाय कळत नाही. जो फिरला तो वहीत लिहा. संध्याकाळपर्यंत जी वही भरेल ती तुमची यादी, माझी नाही. खाली मी फक्त कुठे कुठे बघायचं आणि आधी काय बघायचं ते लिहितोय.

एवढा आटापिटा कशाला, तर पणजीहून मालवण किंवा कारवार, कुठेही गेलात तरी साधारण चाळीसेक सागरी मैल आहेत, पाच नॉटने, म्हणजे तासाला पाच सागरी मैल धरलं तर आठ तास. वाटेत डिझेल मेकॅनिक सगळीकडे भेटेल आणि तो हुशारही असेल, पण त्याचा हात ट्रॉलरच्या लेलँड इंजिनवर बसलेला असतो, तुमच्या छोट्या इंजिनाच्या पाण्याच्या पंपातला रबरी इंपेलर त्याच्याकडे कुठून असणार? आणि हे तर घरापासचं झालं. आपल्याच दिवाडी बेटावरच्या यार्डात बांधलेली शिडाची बोट 'म्हादेई' घेऊन नौदलाचे दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, थांबे चारच होते, फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली आणि केपटाउन. मधल्या समुद्रात जे मोडेल ते बोटीवर असलेल्या वस्तूंनीच दुरुस्त करायचं. आपण काही तेवढं लांब जात नाही, पण रात्री तेरेखोलच्या बाहेर इंजिन बंद पडलं तर हार्डवेअरचं दुकान तेवढंच लांब असतं.

क्रम असा लावा: पाणी आत येणं, सुकाणू, इंजिन, वीज, शीड. ज्याने बोट बुडते ते पहिलं, ज्याने फक्त चिडचिड होते ते शेवटी.

तर पाणी. बोटीच्या तळाला जेवढी भोकं आहेत, म्हणजे इंजिनचं पाणी, टॉयलेट, सिंक, तेवढे मऊ लाकडाचे निमुळते गुटके हवेत आणि ते पेटीत नाही, त्या त्या व्हॉल्व्हलाच दोरीने बांधलेले हवेत. पाणी शिरत असताना कोणी पेटी शोधत बसत नाही. होज पाईपच्या क्लिपा घेताना खिशात लोहचुंबक ठेवा, कारण बऱ्याच स्वस्त क्लिपांची पट्टी स्टेनलेस असते आणि स्क्रू साधा लोखंडी, मग खाऱ्या हवेत पट्टी चकाकत राहते आणि स्क्रूचा भुगा होतो. चुंबक स्क्रूला घट्ट चिकटला की क्लिप परत ठेवा. क्लिप आवळायला चपटा स्क्रूड्रायव्हर नको, तो घसरतो आणि पाईपमध्ये नाहीतर हातात घुसतो, सात किंवा आठ नंबरची गोटी बसवलेली दांडी घ्या. शाफ्टच्या ग्लँडला (पंख्याचा दांडा बोटीबाहेर जातो तिथे पाणी अडवणारा जोड) दोन मोठे पाने एकदम लागतात, एक नट धरायला आणि एक लॉकनट सोडवायला, आणि हे दोन बहुतेक बोटींवर नसतातच कारण ते मोठे, जड आणि महाग असतात. ग्लँडमध्ये भरायची पॅकिंगची दोरी आणि जुनी पॅकिंग उपसायचा हूकही सोबत ठेवा. याशिवाय पाण्याखाली सेट होणारी इपॉक्सी पुट्टी. आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या. हसू नका, मालीमच्या मच्छीमार जेट्टीवर कुठल्याही तांडेलाची पेटी उघडून बघा, एक पक्कड, एक हातोडी, घासून बारीक केलेला स्क्रूड्रायव्हर आणि ट्यूबच्या पट्ट्यांचा गुंडाळा हमखास निघेल, गळणाऱ्या पाईपवर ताणून ताणून गुंडाळली की बंदरापर्यंत पाणी थांबतं.

सुकाणूबद्दल लोक फार बेफिकीर असतात. सुकाणू चाकाने फिरवायची बोट असेल तर केबल तुटल्यावर लावायचा इमर्जन्सी टिलर, म्हणजे सुकाणू हाताने फिरवायचा दांडा असतो, बिल्डरने दिलेला असतो, आणि तो दहा वर्षं तसाच कागदात गुंडाळलेला असतो. नांगरावर असताना एकदा लावून बघा. डेकवरचं ते गोल झाकण उघडायची चावी कुठे आहे, टिलर चाकाला आपटतो का, तो धरून माणसाला उभं राहता येतं का. 'तारिणी'सारख्या नौदलाच्या तयारीच्या बोटीलाही २०१८ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणेच्या शेवटच्या टप्प्यात सुकाणूतल्या बिघाडामुळे मॉरिशसला पोर्ट लुईत शिरावं लागलं होतं, तेव्हा आपण कोण? तारेच्या केबलसाठी तार आवळून धरणाऱ्या चार बुलडॉग क्लिपा, त्यांचा पाना आणि थोडा डायनिमाचा (फार मजबूत कृत्रिम धाग्याचा) दोर. हायड्रॉलिक असेल तर तेलाची बाटली आणि हवा काढायची पारदर्शक नळी.

आता इंजिन, इथे जरा वेळ घालवू. समुद्राचं पाणी खेचणारा पंप असतो, त्यात रबरी पात्यांचं चाक म्हणजे इंपेलर. मांडवीच्या तोंडाशी प्लास्टिकची पिशवी पाणी आत घ्यायच्या भोकावर बसली की पंप कोरडा फिरतो आणि काही मिनिटांत पाती तुटतात. बदलायचं काम सोपं आहे असं पुस्तकात लिहिलेलं असतं, पण बऱ्याच इंजिनांवर त्या पंपाचं झाकण मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून असतं. म्हणजे तुम्ही पालथे पडलेले, बोट डुलतेय, डोळ्यांना दिसत नाही, बोटांनी चाचपत छोटे छोटे स्क्रू काढायचे, आणि त्यातला एक तरी खाली बिल्जच्या (बोटीच्या तळाच्या) काळ्या पाण्यात पडणारच. म्हणून पेटीत काय हवं बघा: दांडीवरचा छोटा आरसा, डोक्याला लावायचा टॉर्च, त्या स्क्रूच्या बरोब्बर मापाचा आखूड ड्रायव्हर, पंपाखाली आधीच पसरायला जुनं फडकं, आणि पडलेलं उचलायला स्प्रिंगच्या बोटांचा चिमटा. चुंबकाची दांडी घेतलीत तर ती इथे कामाची नाही, चांगल्या स्टेनलेसचे आणि पितळेचे स्क्रू चुंबकाला चिकटत नाहीत. दोन इंपेलर, दोन झाकणाचे गॅस्केट, चार जादा स्क्रू एकाच पिशवीत. इंपेलर ओढायला पुलर मिळाला तर उत्तम, नाहीतर दोन पकडींनी निघतो. आणि जुन्या इंपेलरची पाती मोजा, एखादं कमी असेल तर ते पुढे हीट एक्स्चेंजरच्या (इंजिन थंड करणाऱ्या भागाच्या) तोंडाशी अडकलेलं असतं, ते काढल्याशिवाय इंजिन परत तापणार.

दुसरं डिझेल. पावसाळाभर अर्धी टाकी ठेवली की आतल्या हवेतलं पाणी भिंतींना धरतं आणि तळाशी जमतं, मग ऑक्टोबरात आग्वादच्या बाहेर पहिल्या लाटांवर टाकी ढवळली की तो सगळा गाळ फिल्टरमध्ये. त्यामुळे दोन्ही फिल्टर जादा, निदान दोन-दोन, फिल्टर सोडवायचा पट्ट्याचा पाना, हवा काढायच्या स्क्रूला बसणारा पाना (तो वेगळा त्या फिल्टरलाच दोऱ्याने बांधून ठेवा), आणि तांब्याचे वॉशर. खाली सांडलेलं डिझेल पुसायला लहान मुलांचे डायपर, याच्याइतकं स्वस्त आणि चांगलं दुसरं काही मिळालेलं नाही. बेल्ट एक जादा, आणि अल्टरनेटर ताणून धरायला एखादी जाड दांडी, हातोडीचं लाकडी हँडल चालतं.

पान्यांबद्दल थोडं. आपल्याकडे टापरियाचे दुतोंडी फिक्स पाने सगळीकडे मिळतात, पणजीत, म्हापशात, मडगावात, आणि नाशिकची कंपनी आहे म्हणून नाही तर खरंच पैशाला चोख आहेत. दहा-अकरा, बारा-तेरा, सोळा-सतरा, अठरा-एकोणीस (सगळे मिलिमीटरमध्ये) एवढे बहुतेक छोट्या डिझेलला पुरतात, पण दहा आणि तेरा दोन-दोन घ्या, कारण एका बोल्टला दोन्ही बाजूंनी धरावं लागतं आणि शिवाय दहाचा पाना पाण्यात पडायलाच जन्माला आलेला असतो. परदेशात बांधलेली जुनी बोट विकत घेतली असेल तर काही बोल्ट इंचात निघतील, तेही त्या पहिल्या दिवशीच कळेल. अडजस्टेबल पाना एक मोठा, लॉक होणारी पक्कड एक, नाकाडी पक्कड एक, ॲलन की चा सेट, हॅक्सॉ, कानस. हातोडी जड घ्या.

जाळं. एक ऑगस्टला मासेमारीची बंदी उठते, त्यानंतर किनाऱ्याजवळ जाळीच जाळी, आणि रात्री त्यांच्या बोयांवर दिवा असेलच असं नाही. बोटीच्या पंख्यात (प्रोपेलरमध्ये) जाळं गुंडाळलं गेलं की इंजिन बंद, चावी काढून उतरणाऱ्याच्या स्वतःच्या खिशात, आणि मगच पाण्यात. दातेरी सुरी हवी, ब्रेड कापायची लांब सुरीसुद्धा नायलॉन छान कापते, मुठीला मनगटात अडकवायची दोरी बांधा. पाण्याखालचा मास्क आणि घट्ट हातमोजे. नायलॉन गरम होऊन शाफ्टवर वितळून दगड झालं असेल तर सुरी हात टेकते, तिथे हॅक्सॉचं नुसतं ब्लेड, एका टोकाला टेप गुंडाळून. आणि हो, जाळं कोणाच्यातरी पोटाचं असतं, आजूबाजूला मालक दिसला तर आधी हाक मारा, बऱ्याचदा तोच येऊन तुमच्यापेक्षा पटकन सोडवून देतो.

विजेसाठी मल्टीमीटर, साधा चालतो, पण वापरता आला पाहिजे. लेड-ॲसिड बॅटरी चार्जिंग काढून काही तास निवांत ठेवल्यावर १२.६-१२.७ व्होल्ट दाखवत असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे अर्ध्यावर आली, १२ च्या खाली गेली की वीज जपून वापरा. क्रिंपिंगची (वायरवर टोक दाबून बसवायची) पक्कड चांगली घ्या, रॅचेटवाली, कारण नुसतं सोल्डर केलेला जोड बोटीच्या हादऱ्यांनी जोडाशेजारी तुटतो. वायर कलई केलेली तांब्याची, घरातली साधी वायर नको, दोन पावसाळ्यांत आतून काळी-हिरवी पडते. लग (वायरच्या टोकाला बसवायचे तुकडे), हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी), बोटीवर आहेत त्या मापांचे फ्यूज.

शीड आणि डोलकाठी: मोठा पंच आणि ती जड हातोडी, कारण डोलकाठी पडली तर ती बोटीच्या पोटाला भोक पाडायच्या आत तारा सोडवायच्या असतात आणि पिना ठोकून काढणं हे कापण्यापेक्षा लवकर होतं. बोल्ट कटर जाड तारेवर दमतो, आधी तुमच्याच तारेच्या एखाद्या जुन्या तुकड्यावर चालवून बघा आणि मगच पैसे द्या. स्प्लिट पिना भरपूर. शिडाला जाड सुई, मेण लावलेला दोरा, सुई रेटायला तळहातावर घालायचं चामड्याचं पाम आणि शिडाची चिकटपट्टी, पट्टी लावायच्या आधी कापड गोड्या पाण्याने पुसून पूर्ण वाळवायचं, मिठावर काही चिकटत नाही.

कॉर्डलेस ड्रिल, रिव्हेट गन वगैरे जागा आणि बजेट असेल तर. टॉर्क रेंच मी नेत नाही.

आता ठेवायचं कुठे. लोखंडी पेटी अजिबात नको, ती स्वतः गंजते, डेकवर डाग पाडते आणि पडली तर फायबर फोडते. प्लास्टिकचे झाकणबंद डबे घ्या, एक इंजिनचा, एक विजेचा, एक बाकीचा, आणि रोजची चार हत्यारं कॅनव्हासच्या गुंडाळीत जिन्याजवळ. प्रत्येक हत्यार शिवणयंत्राच्या तेलाच्या फडक्याने पुसून ठेवा आणि डब्यात कापराच्या चार वड्या टाका, जुने सुतार टाकतात तशा, वास येतो पण गंज खरंच कमी धरतो. महिन्याला एकदा उघडून परत पुसायचं. काठावर वाकून किंवा डोलकाठीवर चढून वापरायच्या हत्यारांना दोरीचा फास लावा.

आणि एक गोष्ट, डबे जागेवर लावून झाले की होकायंत्र तपासा. दहा-बारा किलो लोखंड कॉकपिटखाली होकायंत्राच्या जवळ ठेवलं की काटा हलतो, आणि ऑटोपायलटचा सेन्सर तर कुठल्यातरी कपाटात लपलेला असतो, त्याच्या शेजारीच लोक नेमकी पेटी कोंबतात. नांगर टाकून बोट अगदी स्थिर असेल तेव्हा आग्वादच्या दीपगृहाकडे बोटीची नाळ (पुढचं टोक) आली की होकायंत्र वाचा आणि लगेच ऑटोपायलटचा आकडाही, मग डबे उचलून पुढच्या टोकाला न्या आणि परत वाचा. आकडा बदलला तर डब्यांची जागा पुढच्या केबिनमध्ये, बिछान्याखाली.