मार्करवर ड्रोन उतरवायचाय? कॅमेरा आणि फझी लॉजिक, पहिल्यापासून

ड्रोनला खाली बघणारा कॅमेरा लावायचा, जमिनीवर अरुको मार्कर (कॅमेऱ्याला ओळखता येईल असं काळ्या-पांढऱ्या चौकोनांचं छापील चिन्ह) ठेवायचा आणि ड्रोन आपला आपण बरोबर त्याच्यावर उतरला पाहिजे, एवढंच काम आपण इथं करणार आहोत. हे पीआयडीनं (एरर, म्हणजे आपण किती चुकलोय, त्यावरून कमांड काढायची नेहमीची पद्धत) पण होतं, आणि वारा नसेल, उजेड एकसारखा असेल तर मस्त होतं. खरी पंचाईत होते कॅमेऱ्याला अर्धवट दिसायला लागल्यावर, म्हणजे मार्करवर झाडाची सावली पडली, पंख्याच्या वाऱ्यानं धूळ उडाली, नाहीतर ड्रोन इतका खाली आला की मार्करची एक कड फ्रेमच्या बाहेर गेली. पीआयडीला फक्त एरर हा आकडा दिसतो, त्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा हे त्याला कुणी सांगत नाही. फझी कंट्रोलरमध्ये, म्हणजे "थोडं", "बरंच" अशा भाषेतले नियम चालवणाऱ्या कंट्रोलरमध्ये, तो भरवसा हाच एक इनपुट म्हणून देता येतो आणि "नीट दिसत नाहीये आणि आपण बरेच खाली आलोय, तर थोडं वर चल" असा नियम सरळ लिहिता येतो. माझ्या मते फझी वापरायचं सगळ्यात मोठं कारण हेच, बाकी डावीउजवीकडचं सरकणं पीआयडी पण करून देईल.

पद्धत जुनी आहे, घाबरायचं कारण नाही. झादे यांनी बर्कलीत १९६५ मध्ये फझी सेटचा पेपर लिहिला, मामदानी आणि असिलियन यांनी लंडनमध्ये छोट्या वाफेच्या इंजिनावर हे नियम चालवून १९७५ मध्ये ते छापलं, आणि १९८७ ला जपानमधली सेंदाईची मेट्रो फझी कंट्रोलवर धावायला लागली. आपण वापरणार आहोत तो प्रकार ताकागी आणि सुगेनो यांचा, १९८५ चा, ज्यात नियमाचं उत्तर थेट आकडा असतं. रास्पबेरी पायवर (ड्रोनवर मावणारा छोटा कॉम्प्युटर) तो एकदम हलका पडतो, म्हणून तोच घ्या. सुगेनोंनी पुढं बिनपायलटचं हेलिकॉप्टर पण फझीनं उडवून दाखवलं होतं.

एक गोष्ट आधीच ठरवून टाका. ड्रोन तिरका-सरळ ठेवणारा आतला लूप, जो सेकंदाला शेकडो वेळा फिरतो, त्याला हात लावायचा नाही, ते काम आर्डुपायलट या ऑटोपायलट सॉफ्टवेअरचं पीआयडी उत्तम करतं. आपला फझी कंट्रोलर वर बसतो, कॅमेऱ्याच्या वेगानं म्हणजे सेकंदाला २०-३० वेळा चालतो आणि फक्त "उजवीकडे इतक्या वेगानं, खाली इतक्या वेगानं" एवढं मॅवलिंकवरून (ऑटोपायलटशी बोलायची भाषा) गाइडेड मोडमध्ये (बाहेरून आलेल्या कमांडवर उडायचा मोड) सांगतो. हे वेग सतत पाठवत राहायचे, कारण कमांड बंद झाली की आर्डुपायलट काही सेकंदांत ड्रोन जागेवर थांबवतो, आणि ते चांगलंच आहे, आपला प्रोग्राम मधेच मेला तरी ड्रोन भरकटत जात नाही.

आता मार्कर. ४ बाय ४ ची डिक्शनरी (अरुको मार्करांचा तयार संच) घ्या, कारण तिच्यात चौकोन मोठे असतात आणि लांबून दिसतात. मी ४० सेंटीमीटरचा मार्कर धरून चाललोय. फ्लेक्सवाल्याकडे छापायला टाकत असाल तर चकचकीत फ्लेक्स नको म्हणून सांगा, दुपारच्या उन्हात तो आरशासारखा चमकतो आणि काळा भाग कॅमेऱ्याला पांढरा दिसतो. सनबोर्डवर मॅट लॅमिनेशन करून घ्या आणि काळ्या कडेच्या बाहेर चारी बाजूंनी पांढरी पट्टी सोडायला लावा, ती नसेल तर डिटेक्शन बऱ्याचदा होत नाही. शेजारी एक छोटा मार्कर पण छापा, साधारण ८ सेंटीमीटरचा, वेगळ्या आयडीचा. तो कशाला ते सांगतो. पाय कॅमेरा व्ही२ ला आडवा सुमारे ६२ अंश आणि उभा सुमारे ४९ अंश दिसतं, म्हणजे अर्ध्या मीटर उंचीवर फ्रेममध्ये साधारण ६० बाय ४५ सेंटीमीटर जमीन मावते, त्यात ४० चा मार्कर जेमतेम बसतो आणि ड्रोन जरा हलला की गेला. तिथून खाली छोट्या मार्करवर चालायचं, फक्त दोन्ही मार्करांच्या केंद्रातलं अंतर मोजून ते एररमधून वजा करायला विसरू नका.

पुढची पायरी लोक हमखास गाळतात. पिक्सेलमधला एरर तसाच कंट्रोलरला देऊ नका. कॅलिब्रेशन करा (बुद्धिबळाच्या पटाचा प्रिंट, ओपनसीव्ही या फोटो-व्हिडिओच्या लायब्ररीत तयार फंक्शन आहे), फोकल लेंथ पिक्सेलमध्ये मिळते, ६४० बाय ४८० ला पूर्ण व्ह्यू घेतला तर ती ५३० च्या आसपास येते. आता मार्कर मधल्या बिंदूपासून ८० पिक्सेल लांब दिसतोय समजा. ६ मीटर उंचीवर याचा अर्थ ९० सेंटीमीटर (पिक्सेल गुणिले उंची भागिले फोकल लेंथ), आणि दीड मीटरवर फक्त २३ सेंटीमीटर. पिक्सेलवर नियम लिहिले तर वरून उडताना ड्रोन आळशी वागणार आणि खाली आला की थरथरणार, मग लोक नियमांना दोष देतात. मीटरमध्ये बदला, उंची लिडारवरून (लेझरनं अंतर मोजणारा सेन्सर) घ्या, बॅरोमीटर जमिनीजवळ पंख्याच्या हवेनं गडबडतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिरकेपणा. कॅमेरा गिंबलवर (ड्रोन झुकला तरी कॅमेरा सरळ ठेवणारं माउंट) नसेल तर ड्रोन १० अंश झुकला की ५ मीटर उंचीवर मार्कर जवळजवळ ८८ सेंटीमीटर सरकल्यासारखा दिसतो, प्रत्यक्षात ड्रोन बरोबर डोक्यावर असला तरी! म्हणजे उजवीकडे जायला ड्रोन झुकला, झुकल्यामुळं एरर वाढला, एरर वाढला म्हणून अजून झुकला, असं चालू होतं. त्यामुळं ऑटोपायलटकडून रोल आणि पिच (डावी-उजवीकडचा आणि पुढे-मागचा झुकाव) घेऊन मार्करची दिशा आधी फिरवून सरळ करायची, आणि रोल-पिच घ्यायचे ते फोटो काढला त्या क्षणाचे, हिशोब संपला त्या क्षणाचे नाहीत. कॅमेरा ते कमांड यात १०० मिलिसेकंद गेले आणि ड्रोन सेकंदाला ५० अंशांनी झुकत असेल तर ५ अंशांचा फरक पडला, ५ मीटरवर तो पुन्हा ४४ सेंटीमीटर. एवढं नीट केलं नाही तर फझी, पीआयडी, काहीही लावा, ड्रोन गोल गोल फिरत राहील.

आता नियम. आडव्या दिशेला दोन इनपुट घेऊ. पहिला, मार्कर ड्रोनपासून किती मीटर उजवीकडे आहे (डावीकडे असेल तर उणे). याचे पाच भाग पाडा, बराच डावीकडे, थोडा डावीकडे, मधोमध, थोडा उजवीकडे, बराच उजवीकडे, त्यांची टोकं अनुक्रमे -१.५, -०.५, ०, ०.५ आणि १.५ मीटरवर. प्रत्येक भाग त्रिकोणी, एकाचं टोक जिथं तिथं शेजाऱ्याचा शून्य, म्हणजे कुठल्याही ठिकाणी दोन भागांची बेरीज बरोबर १ येते (कडेचे दोन बाहेरच्या बाजूला सपाट ठेवा). दुसरा इनपुट, हे अंतर किती वेगानं बदलतंय, याचे तीनच भाग पुरेत, -०.५, ० आणि ०.५ मीटर प्रति सेकंद. हा वेग लागोपाठच्या फ्रेमांच्या वजाबाकीतून काढला तर फार खडबडीत येतो. मार्कर जमिनीवर स्थिर असेल तर ऑटोपायलटकडे ड्रोनचा स्वतःचा वेग असतोच, त्याचं चिन्ह उलटं करून वापरा, खूप स्वच्छ मिळतो.

पाच गुणिले तीन, पंधरा नियम. उजव्या बाजूचे सांगतो, डावीकडचे चिन्ह बदलून. बराच उजवीकडे आणि अंतर कमी होतंय, तर ०.६ नं उजवीकडे. बराच उजवीकडे आणि स्थिर, ०.८. बराच उजवीकडे आणि अजून लांब चाललाय, ०.९. थोडा उजवीकडे असेल तर त्याच क्रमानं ०.१, ०.३, ०.५. मधोमध असेल तर -०.२, ०, ०.२. सगळे मीटर प्रति सेकंद.

एकदा हातानं सोडवून बघा, मग कधी अडणार नाही. मार्कर ०.८ मीटर उजवीकडे आहे आणि अंतर सेकंदाला ०.२ मीटरनं कमी होतंय. ०.८ हे ०.५ आणि १.५ च्या मधे येतं, म्हणून "थोडा उजवीकडे" ०.७ आणि "बराच उजवीकडे" ०.३. वेगाचं, "कमी होतंय" ०.४ आणि "स्थिर" ०.६. चार नियम पेटतात, म्हणजे लागू होतात, त्यांची वजनं गुणाकारानं: बराच-स्थिर ०.१८, बराच-कमी ०.१२, थोडा-स्थिर ०.४२, थोडा-कमी ०.२८, बेरीज १. आता प्रत्येक वजन गुणिले त्या नियमाचं उत्तर, ०.१४४ अधिक ०.०७२ अधिक ०.१२६ अधिक ०.०२८, म्हणजे ०.३७. ड्रोनला सांगायचं, उजवीकडे ०.३७ मीटर प्रति सेकंद. झालं, एवढाच कंट्रोलर आहे, लायब्ररी पण लागत नाही, नमपायमध्ये (पायथनचं आकडेमोडीचं पॅकेज) एक छोटी टेबल आणि एक गुणाकार. पुढे-मागे दिशेला हीच टेबल पुन्हा वापरा. साइकिट-फझी ही तयार लायब्ररी आहे, शिकायला छान आहे, पण उडवताना स्वतः लिहिलेलं बरं, कुठला नियम पेटला ते दिसतं.

आता उतरण्याचा वेग, इथं भरवसा कामाला येतो. भरवसा कसा काढायचा? मी तीन गोष्टी बघायला सांगेन: मागच्या १० फ्रेमांपैकी कितीत मार्कर सापडला, मार्करची बाजू किती पिक्सेलची दिसतेय आणि कोपऱ्यांचा रिप्रोजेक्शन एरर (हिशोबानं कोपरा जिथं यायला हवा आणि जिथं दिसतो त्यातला फरक) किती. प्रत्येकीला ० ते १ मध्ये आणा आणि सगळ्यात लहान आकडा तो भरवसा. सरासरी घेऊ नका, दोन गोष्टी चांगल्या असल्या की तिसरी वाईट झाकली जाते. पिक्सेलचा अंदाज असा, ४० सेंटीमीटरचा मार्कर १० मीटरवरून साधारण २१ पिक्सेलचा दिसतो आणि ४ बाय ४ च्या मार्करमध्ये कडेसकट ६ चौकोन येतात, म्हणजे एका चौकोनाला साडेतीन पिक्सेल, हे काठावरचं आहे. ५ मीटरवर ते दुप्पट होतं आणि मग निवांत.

दुसरा इनपुट, आडवं अंतर भागिले उंची. नुसतं अंतर का नाही, तर ६ मीटरवर अर्धा मीटर बाजूला असणं चालतं, १ मीटरवर नाही, आणि भागाकार घेतला की ते आपोआप कडक होत जातं. ०.१ च्या खाली "नेमकं डोक्यावर", ०.३ च्या वर "बाजूला". तिसरा इनपुट उंची, "वर" आणि "खाली", १ ते ३ मीटरच्या मधे एकातून दुसऱ्यात. नियम असे: डोक्यावर, भरवसा चांगला आणि वर, तर ०.७ नं खाली या. तेच पण उंची कमी, तर ०.२५. बाजूला असेल आणि भरवसा चांगला, तर उतरणं ०, आधी सरळ व्हा. भरवसा कमी आणि वर, तर ०. भरवसा कमी आणि खाली, तर ०.३ नं वर चढा, कारण वर गेलं की फ्रेममध्ये जास्त जमीन येते आणि मार्कर परत सापडायची शक्यता वाढते. शिवाय भरवशानं आडव्या वेगाला पण गुणा, म्हणजे नीट दिसत नसताना ड्रोन जोरात पळणार नाही.

काही गोष्टी फझीत अजिबात घालू नका, त्या कडक इफ-एल्सनंच लिहा. मार्कर २ सेकंद दिसलाच नाही तर सगळे वेग शून्य. उंची अर्ध्या मीटरच्या खाली आणि अंतर १० सेंटीमीटरच्या आत असेल तर लँड मोडला सोपवा, शेवटचं टेकणं ऑटोपायलटला करू द्या. आणि रिमोटवरचा एक स्विच कायम लॉइटरला (ड्रोन जागेवर धरून ठेवणारा मोड), बोट त्याच्यावर.

ट्यूनिंग आधी सिम्युलेटरमध्ये, आर्डुपायलटचं एसआयटीएल (कॉम्प्युटरवरच चालणारं ऑटोपायलट) आणि गझीबो (खोटं जग आणि ड्रोन दाखवणारा सिम्युलेटर), आणि त्यात वाऱ्याचे पॅरामीटर आहेत ते चालू करून, बिनवाऱ्याचं सिम्युलेशन काही शिकवत नाही. आधी फक्त उत्तरांचे आकडे बदला, त्रिकोणांना शेवटी हात लावा. मार्करच्या भोवती डुलत असेल तर "थोडा" वाले आकडे कमी करा. वाऱ्यात एका बाजूला सतत २०-३० सेंटीमीटर लांब राहत असेल तर या टेबलमध्ये इंटिग्रल (साठत गेलेल्या एररनुसार कमांड वाढवणारा भाग) नाही हे कारण, बाहेरून एक छोटा इंटिग्रल जोडा आणि त्याला मर्यादा घाला. प्रत्येक फ्लाइटमध्ये पंधराही वजनं लॉग करा, जो नियम कधी पेटतच नाही त्याचा आकडा तुम्ही अजून तपासलेलाच नाहीये.

रस्त्यावरच्या गाडीला पण हाच ढाचा चालतो, इनपुट म्हणजे लेनच्या मध्यापासूनचं अंतर आणि गाडीच्या नाकाचा कोन, उत्तर स्टिअरिंगचं, आणि भरवसा कमी झाला की वेग कमी. पावसाळ्यात आपल्याकडे पांढरे पट्टे पाण्याखाली गेले की तो शेवटचा नियम सगळ्यात जास्त पेटणार.

खरं उडवायला जाताना डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलच्या नकाशावर जागा ग्रीन झोनमध्ये (ठरावीक उंचीपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही असा भाग) आहे का ते बघा, मुंबई-पुण्यात विमानतळांमुळं बराच भाग त्यात बसत नाही, गावाकडचं मोकळं रान बरं. सकाळी लवकर जा, वारा कमी असतो. फक्त त्या वेळी सावल्या लांब असतात, म्हणून मार्कर झाडापासून लांब ठेवा, आणि पहिल्या काही फेऱ्यांत कोडमध्ये उतरायचा वेग शून्यावर बांधून ४ मीटरवर ड्रोन नुसता मार्करच्या डोक्यावर थांबतो का तेवढंच तपासा.