अभिप्राय वहीच्या पलीकडे: दालनातील प्रेक्षकांचा अभ्यास कसा करावा

वस्तुसंग्रहालयाच्या दाराशी ठेवलेल्या अभिप्राय वहीत बहुधा 'छान', 'अप्रतिम' आणि गावाचे नाव एवढेच सापडते. मांडणी समजली की नाही, हे त्यावरून कळत नाही. म्हणून अभ्यासाला हात घालण्यापूर्वी त्याच्या आधारे कोणता निर्णय घ्यायचा आहे, हे एका वाक्यात लिहून ठेवावे. समजा, पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील अडकित्त्यांची मांडणी तपासायची आहे. फलक नव्याने लिहायचे की वस्तूंची गर्दी कमी करायची, एवढाच प्रश्न असेल, तर त्यापुरतेच मोजावे.

आधी पाहावे, मग विचारावे. दालनाचा नकाशा हाती घ्यावा, दारात एक रेघ मनाशी आखावी आणि ती ओलांडणारी पुढची प्रौढ व्यक्ती निवडावी; चेहरे पाहून निवड केली, तर निरीक्षक नकळत उत्साही माणसेच शोधतो. ती व्यक्ती कोणीकडे वळली, कोणत्या काचपेटीपाशी किमान तीन सेकंद थांबली, तिने फलक वाचला का आणि ती केव्हा बाहेर पडली, हे नकाशावरच टिपावे. निम्म्याहून अधिक मांडण्यांपाशी थांबणाऱ्यांचे प्रमाण काढण्याचे, अमेरिकेतील संग्रहालय-अभ्यासक बेव्हर्ली सेरेल यांनी वापरलेले माप येथे उपयोगी पडते. त्याच देशात मानसशास्त्रज्ञ आर्थर मेल्टन यांना संग्रहालयांत १९३०च्या दशकात बहुतेक प्रेक्षक उजवीकडे वळताना आढळले होते. प्रदक्षिणेची सवय असलेला आपला प्रेक्षक कदाचित डावीकडून सुरुवात करील, तेव्हा तो निष्कर्ष उसना न घेता आपल्याच दारात पडताळावा. रविवार आणि कामाचे दिवस दोन्ही घ्यावेत. शाळांच्या सहलींची नोंद वेगळी ठेवावी, कारण तेथे चाल शिक्षक ठरवतात. निरीक्षण चालू असल्याची सूचना दाराशी लावावी आणि कोणाचेही नाव लिहू नये.

मुलाखतीत 'दालन आवडले का?' असे विचारल्यास समोरचा माणूस सौजन्याने होच म्हणतो. त्याऐवजी 'यातली कोणती वस्तू घरी जाऊन सांगाल, आणि तिच्याबद्दल काय सांगाल?' असे विचारावे आणि उत्तर त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यावे.

नवा फलक कायमस्वरूपी करून घेण्याआधी साध्या कागदावर छापून काचेला चिकटवावा. दहा-बारा जणांना तो वाचायला देऊन त्यांच्याकडून अर्थ सांगून घ्यावा, अडखळण्याच्या जागा बदलाव्यात आणि पुन्हा चिकटवावा. सर्वांत कमी खर्चात सर्वाधिक सुधारणा याच टप्प्यावर होते.

संग्रहालयाने घेतलेल्या कार्यशाळेचा अभ्यास करायचा असेल, तर मात्र तोच प्रश्न सुरुवातीला आणि शेवटी विचारून उत्तरांतील फरक पाहावा, आणि मध्येच उठून जाणाऱ्यांनाही शक्य असल्यास दारात गाठून कारण विचारावे.