ब्लावे नदीकाठी सायकलने: एनबों ते पोंतीव्ही

फ्रान्समध्ये गाड्यांच्या गर्दीतून सुटून सायकल चालवायची असेल, तर ब्रिटनीतली ब्लावे नदी निवडा. एनबों ते पोंतीव्ही साधारण 60 किमी, तेही जवळजवळ सपाट. पूर्वी काठावरून दोरखंडाने नावा ओढत. तीच वाट आता सायकलींसाठी आहे.

सुरुवात एनबोंहून करा, तिथे रेल्वे स्टेशन आहे. वाटेत 28 जलद्वारं (नावांना पाण्याच्या एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारे लॉक) लागतात आणि त्यांचे क्रमांक पोंतीव्हीपासून सुरू होतात. म्हणजे तुम्ही 28 वरून 1 कडे जाता आणि किती उरलंय ते नकाशा न उघडताही कळतं. चढ असतो तो फक्त या द्वारांपाशी, तोही छोटासा.

वाट दाबलेल्या बारीक खडीची. 35 ते 40 मिमीचे टायर घ्या आणि हवा नेहमीपेक्षा थोडी कमी ठेवा, हात दुखत नाहीत. पाऊस पडून गेल्यावर मडगार्ड नसेल तर पाठ चिखलाने भरलीच म्हणून समजा.

खरी अडचण पाण्याची आणि खाण्याची. खेड्यातली दुकानं दुपारी बंद असतात, रविवारी दुपारनंतर तर विचारूच नका. ब्रेड, चीज सकाळीच घेऊन ठेवा. बाटली भरायला गावची दफनभूमी बघा, तिथे बहुधा नळ असतो. मात्र ‘नॉन पोताब्ल’ अशी पाटी असेल तर ते पाणी पिऊ नका.

सँ-निकोला-देझ-ओ गावाजवळ कड्याला टेकून बांधलेलं सँ-जिल्दाचं चॅपल आहे. तिथे घाई करू नका, निवांत थांबा.