ड्रॉप शिपिंग: गोदाम न ठेवता माल कसा विकावा

तुम्ही विकलेला माल तुमच्या हाताला लागलाच नाही, पुरवठादाराच्या गोदामातून निघून परस्पर ग्राहकाच्या दारात पोचला, तर त्या व्यवहाराला ड्रॉप शिपिंग म्हणतात. ऑनलाइन दुकानांमुळे हा शब्द सगळीकडे झाला, पण पद्धत जुनी आहे. कोळसा, लाकूड, अवजड यंत्रसामग्री यांचे काही घाऊक व्यापारी फक्त ऑर्डर घ्यायचे आणि माल खाणीतून किंवा कारखान्यातून थेट गिऱ्हाइकाकडे रवाना करायला लावायचे. इतका जड माल मध्ये उतरवून पुन्हा चढवणं कुणाला परवडणार?

समजा, तुम्ही टेबल लॅम्प विकता. ग्राहक तुमच्या दुकानात ऑर्डर देऊन पूर्ण पैसे भरतो. तीच ऑर्डर तुम्ही पुरवठादाराकडे पाठवता आणि त्याला घाऊक भाव देता. तो लॅम्प बांधून ग्राहकाच्या पत्त्यावर धाडतो आणि तुम्हाला ट्रॅकिंग नंबर कळवतो. पार्सल एकच, पण खरेदी-विक्री दोनदा झाली: पुरवठादाराने तुम्हाला माल विकला, तुम्ही ग्राहकाला. बिलंही दोन, कराचा हिशेबही दोन्हीकडे. दुसऱ्याच्या मालाची जाहिरात करून कमिशन घेणं वेगळं. तिथे विक्रेता दुसराच असतो, इथे विक्रेते तुम्ही. लॅम्प फुटका निघाला तर ग्राहक तुमच्याकडेच येणार, कारण पुरवठादार कोण हे त्याला ठाऊकही नसतं.

१. आधी पुरवठादार, मग वस्तू

बहुतेक सल्लागार आधी ‘चालणारी वस्तू’ शोधायला सांगतात. मला हा क्रम उलटा वाटतो. वस्तू नंतर बदलता येते. ढिला पुरवठादार मात्र चांगल्या वस्तूचीही माती करतो.

खरा घाऊक विक्रेता सहसा तुमच्या व्यवसायाची नोंदणी विचारतो आणि खातं उघडून घाऊक दरपत्रक देतो. नुसतं ‘सभासद’ होण्यासाठी दरमहा फी मागणारा आणि भाव मात्र किरकोळीचेच सांगणारा बहुधा मधला दलाल असतो. पुढचे प्रश्न लेखी विचारा: ऑर्डर आल्यावर माल किती दिवसांत बाहेर पडतो? फुटका निघाला तर खर्च कोणाचा? परत आलेला माल कोणत्या पत्त्यावर घ्यायचा, आणि त्यासाठी काही कापून घेणार का?

मग स्वतः ग्राहक बनून एक-दोन नग मागवा, आणि ते घरच्या किंवा ओळखीच्या पत्त्यावर जाऊ द्या. खोक्याच्या कोपऱ्यांना आधार दिलाय का, बल्ब वेगळा गुंडाळलाय का, ते पाहा. आतला कागद तर जरूर वाचा. पॅकिंग स्लिपवर, म्हणजे खोक्यातल्या मालाच्या यादीवर, पुरवठादाराचंच नाव असेल आणि सोबत घाऊक भावाचं बिल सरकवलेलं असेल, तर तुमचा नफा ग्राहकाच्या हातात आयता पडला. पुरवठादाराचं नाव न दाखवता माल पाठवण्याला ब्लाइंड शिपमेंट म्हणतात. ती सोय मिळते का, हे आधीच ठरवून घ्या.

२. भाव ठरवताना फुटलेला नगही धरा

विक्रीची किंमत १०० धरू. घाऊक भाव ६०, पाठवणी १२, पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे स्वीकारून देणारी सेवा) ३, जाहिरात १५. हातात राहिले १०. दहा ऑर्डरींवर १०० मिळाले म्हणून खूश व्हाल, पण त्यातला एक लॅम्प फुटला आणि तुम्ही पदरचा दुसरा पाठवलात, की ७२ गेले. उरले २८. दोन फुटले तर ४४ चा तोटा. म्हणून मोडतोडीची भरपाई कोण देणार, हा प्रश्न भावाच्या घासाघिशीपेक्षा महत्त्वाचा. काचेच्या वस्तूंपासून सुरुवातीला दूर राहिलेलंच बरं.

आणखी एक खोच: ग्राहकाने दोन वस्तू एकत्र मागवल्या आणि त्या दोन वेगळ्या पुरवठादारांच्या निघाल्या, तर पार्सलं दोन, पाठवणीही दुप्पट. ग्राहक मात्र एकाच ऑर्डरीची पाठवणी देणार.

३. अटी उघडपणे लिहा

पुरवठादार दोन दिवसांत माल बाहेर काढतो आणि कुरिअर पाच दिवस घेतं, तर दुकानावर सात दिवस लिहा, वर एक-दोन दिवसांची सूट ठेवा. परतीचे नियम पुरवठादाराच्या सोयीने नव्हे, ग्राहक जिथे राहतो तिथल्या कायद्याने ठरतात. युरोपियन युनियनमध्ये ऑनलाइन खरेदी १४ दिवसांत, कारण न सांगता, रद्द करण्याचा हक्क ग्राहकाला आहे. काही वस्तू त्यातून वगळल्या आहेत, एवढंच.

माल परदेशातून जाणार असेल तर सीमाशुल्क कोण भरणार हे ग्राहकाला आधीच कळलं पाहिजे. छोटी पार्सलं करातून सुटायची, तो काळ सरत चाललाय. युरोपियन युनियनने २२ युरोपर्यंतच्या आयातीवरची व्हॅटमाफी १ जुलै २०२१ पासून काढून टाकली, आणि अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतची शुल्कमाफी २०२५ मध्ये बंद केली.

मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेत विकत असाल तर तिचे नियम वाचा. अ‍ॅमेझॉनवर बिल, पॅकिंग स्लिप आणि खोकं यांवर विक्रेता म्हणून तुमचंच नाव दिसावं लागतं. दुसऱ्या किरकोळ दुकानातून वस्तू घेऊन ती परस्पर ग्राहकाकडे पाठवणं ईबेलाही चालत नाही.

४. रोजचं काम

सर्वात जास्त डोकेदुखी साठ्याची. पुरवठादार तोच माल इतर दुकानांनाही देत असतो आणि त्याची साठ्याची यादी बऱ्याचदा दिवसातून एकदाच बदलते. सकाळी दिसलेले चार नग दुपारपर्यंत संपलेले असतात. साठा पाचच्या खाली गेला की आपल्या दुकानात वस्तू ‘शिल्लक नाही’ दाखवायची, हा सोपा उपाय. थोडी विक्री बुडते, पण पैसे घेऊन ‘माल नाही’ कळवण्याची नामुष्की टळते.

ऑर्डर पुढे पाठवताना पत्ता हाताने टाइप करू नका, जसाच्या तसा कॉपी करा. ट्रॅकिंग नंबर आला की लगेच ग्राहकाला कळवा. आणि ‘भांडवल लागत नाही’ या जाहिरातीवर विसंबू नका. ग्राहकाचे पैसे गेटवे किंवा बाजारपेठ काही दिवसांनी तुमच्या खात्यात टाकते, पुरवठादाराला मात्र ते माल पाठवण्याआधी हवे असतात. मधल्या दिवसांपुरती रक्कम खात्यात असलीच पाहिजे, शिवाय रिफंडसाठी थोडी वेगळी.

५. कधी थांबायचं

फर्निचरसारखा बोजड माल, असंख्य रंग-आकारांत येणाऱ्या वस्तू, किंवा बाजार चाचपून पाहायचा असेल तेव्हा ही पद्धत कामाची. एखादी वस्तू महिनोन्‌महिने नियमित खपू लागली, की पुरवठादाराकडे एकगठ्ठा खरेदीचा दर मागा. तेवढी एक वस्तू स्वतः साठवून पाठवा, बाकीच्या पूर्वीसारख्याच परस्पर जाऊ द्या.